यादीत गमची बाटली

वाचकांचे प्रश्न

बारावीची परीक्षा तोंडावर आली की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. डिसेंबरपर्यंत झोप आवरत नाही, गणित जमत नाही असं चाललेलं असतं. जानेवारी लागला की पुढं काय, कुठं जाऊ, पैसे कुठून आणू, हे सुरू होतं. या वेळी मी चार पत्रं एकत्र घेतली आहेत. लिहिणारे चौघं एकमेकांना ओळखत नाहीत, पण त्यांचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर राहते. बारावी सायन्सला आहे. आई आणि बापू दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्याला गेलेत, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर येतील. मी आणि लहान भाऊ आजीजवळ असतो. मला बीएस्सी नर्सिंग करायचंय. आमची जात एनटी-डीमध्ये, म्हणजे भटक्या जमातींच्या ड गटात येते. दाखला काढायला गेले तर 1961 च्या आधीचा पुरावा मागतात. बापू शाळेत गेलेच नाहीत, आजोबाही नाही. काही ऑनलाइन भरायचं म्हटलं की ओटीपी बापूंच्या फोनवर जातो आणि बापू फडात असतात. आमचे सर म्हणतात, निकाल लागल्यावर बघू. मी काय करू?

उत्तर : पोरी, सरांचा हेतू वाईट नाही, पण निकालापर्यंत थांबू नकोस. निकालानंतर बघायला गेलेल्यांचं वर्ष जातं. माझं गेलं होतं.

2003 साली मी पाटोदा तालुक्यातून बारावी झाले. मार्क चांगले होते. कॉलेजच्या खिडकीवरच्या माणसानं उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलीय म्हणून माझा फॉर्म परत दिला. दाखल्याला मुदत असते हेच मला ठाऊक नव्हतं. नवा दाखला हातात पडेपर्यंत तारीख निघून गेली. त्या दिवाळीनंतर मी फडात गेले. मोठा भाऊ आणि मी मिळून एक कोयता, तोडीवर दोघांच्या जोडीला तसंच म्हणतात. पहाटे अंधारात तोड सुरू करायची, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या दोरीनं मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी आली की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. पाचटानं हात इतके कापायचे की भाकरीचं पीठ मळताना मीठ झोंबायचं.

आमच्या शेजारच्या वस्तीवरची एक ताई तेव्हा बीडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे आईवडील आमच्याच टोळीत. संक्रांतीला ती त्यांना भेटायला कारखान्याच्या तळावर आली आणि आमच्या कोपीत चुलीपाशी बसून तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर यादी लिहून दिली. टीसी. मार्कमेमो, झेरॉक्स तीन. जातीचा दाखला. रहिवासी. उत्पन्न, पण मे महिन्यात काढलेलं. फोटो सहा. आणि सगळ्यात खाली : गमची बाटली घरून नेणे, तिथं नसते.

मी आज इतकी वर्षं पुण्यात कॉलेजात शिकवते आहे. प्रवेशाबद्दल मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली आहेत. गमच्या बाटलीचं त्यातल्या एकानंही सांगितलं नाही, कारण त्या खिडकीपाशी ओला फोटो फुंकत उभं राहायची वेळ त्यांच्यावर आलेली नव्हती. ताईवर दोनच वर्षांपूर्वी आली होती. जूनमध्ये ती पहाटेच्या एसटीनं माझ्यासोबत औरंगाबादला आली, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. खिडकीपाशी माझ्या मागं दोन मुली फोटो हातात धरून गम शोधत होत्या. बाटली आम्ही त्यांना दिली.

आता तुझी कागदं. भटक्या जमाती आणि विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 ही तारीख धरतात. त्या आधी तुमचं घराणं महाराष्ट्रात होतं आणि जात हीच होती, हे दाखवावं लागतं. पुरावा बापूंचा किंवा आजोबांचाच हवा असं नाही. वडिलांकडच्या रक्तातलं कुणीही चालतं. आजोबांचे भाऊ, चुलत भाऊ, त्यांची बहीण यांच्यातलं कुणी दोन इयत्ता का होईना, शाळेत गेलं होतं का, ते आजीला विचार. आजीला आठवेल. गेलं असेल तर त्या जिल्हा परिषद शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मागून घे, त्यात जातीचा रकाना असतो. शाळेत काही मिळालं नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जुनी जन्ममृत्यूची नोंद, आणि खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, बघायला अर्ज कर. मराठवाड्यात निजामाच्या काळातली कागदं उर्दूत असतात, काही मोडी लिपीत. घाबरायचं नाही, त्यांचं भाषांतर करून घेता येतं. आणि भावकीत कुणाकडे जातवैधता प्रमाणपत्र आहे का, हे आधी शोध. तुझ्या बापूंच्या सख्ख्या-चुलत भावंडांपैकी एकाच्या घरी ते सापडलं तर तुझं निम्मं काम झालं. वंशावळीचं शपथपत्र करून नातं दाखवायचं. वैधतेचा अर्ज तुझ्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या सहीशिक्क्यानंच जातो, तेव्हा हा अंक सरांना दाखव आणि याच आठवड्यात सही माग. चौकशी लागली तर वैधतेला महिनोन् महिने जातात.

ओटीपीसाठी आधार केंद्रात स्वतः जाऊन तुझ्या आधारला तुझा नंबर जोडून घे. फोन नसेल तर आजीजवळ घरी राहणारा फोन जोड, फडात जाणारा नको. बँकेचं खातं तुझ्या नावावरचं आणि आधारशी जोडलेलं हवं, शिष्यवृत्ती त्यातच पडते. नॉन-क्रिमीलेअरसाठी, म्हणजे घरचं उत्पन्न आरक्षणाच्या मर्यादेत असल्याच्या दाखल्यासाठी, तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. नर्सिंगलाही आता सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा आहे. तिचा अर्ज भरलास का, हे तू लिहिलेलं नाहीस. हे पान बाजूला ठेव आणि ते आधी बघ.

आणि तुझी ताई शोध. गेल्या दोन वर्षांत तुझ्या कॉलेजातून नर्सिंगला कोण गेली, एवढंच वर्गात विचार. नाहीच सापडली तर सदराच्या पत्त्यावर कळव. आमचा कॉलेजातल्या मुलामुलींचा एक गट आहे, मागून येणाऱ्यांना ते मदत करतात. त्यात केजची एक मुलगी आहे, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिचेही आईवडील आत्ता तोडीवरच आहेत.

प्रश्न : मी ग्रामीण भागातल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक आहे. आम्ही दरवर्षी करिअर मार्गदर्शन शिबिर घेतो. तज्ज्ञ येतात, प्रोजेक्टरवर सगळं दाखवतात. तरीही कितीतरी मुलं पुढं फॉर्मच भरत नाहीत. तुम्ही याच सदरात लिहिलं होतं की कॉलेजात गेलेली मुलं मागच्यांना मदत करतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या हाती दुसऱ्याचं वर्ष कसं सोपवायचं? त्यांनाच काय कळतं?

उत्तर : सर, तुमची शंका खरी आहे. त्याची किंमत आम्ही मोजलेली आहे, म्हणून ते आधी सांगते.

इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश फेरीत पहिला पसंतीक्रम लागला की प्रवेश तिथंच गोठतो. पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. आमच्या गटातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हे नीट ठाऊक नव्हतं. एका पोराचा अर्ज भरताना ‘टाकून ठेव, लागतंय कुठं’ म्हणून त्यानं घरापासून लांबचं, वसतिगृह नसलेलं एक कॉलेज पहिल्या नंबरवर टाकायला लावलं. ते लागलं. खोलीचं भाडं परवडण्यासारखं नव्हतं. पोरगं त्या वर्षी घरी बसलं. त्याची आई मला फोनवर काही बोलली नाही, नुसतं ‘बरं’ म्हणाली. ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं. पुढच्या वर्षी त्याचा फॉर्म भरताना मी शेजारी बसले होते.

तेव्हापासून काही गोष्टी आम्ही पक्क्या केल्या. पसंतीक्रम माहीतगार शिक्षकानं बघितल्याशिवाय अर्ज पक्का करायचा नाही. कुठली शाखा घे, हे आमच्या मुलांनी सांगायचं नाही. त्या शाखेत स्वतःचा दिवस कसा जातो, तेवढं सांगायचं. दुसऱ्याचे मूळ कागद कुणी स्वतःजवळ ठेवायचे नाहीत. पासवर्ड ज्याचा त्यानं वहीत लिहायचा. मुलींसोबत मुलीच जातील. एका मुलाकडे तिघांपेक्षा जास्त जणांची जबाबदारी नाही, कारण त्याचीही परीक्षा असते. आणि त्याचा प्रवासखर्च, रिचार्ज गटानं द्यायचा. तो स्वतः शिष्यवृत्तीवर जगतो, त्याच्या खिशातून सेवा मागणं बरोबर नाही.

आता त्यांना काय कळतं, हा तुमचा प्रश्न. तुमच्या शिबिरात मुलं प्रश्न विचारत नाहीत, ही तक्रार मी बऱ्याच शिक्षकांकडून ऐकते. आमच्या मुलींनी एका वर्षी त्यांना रात्री फोनवर आलेले प्रश्न लिहून ठेवले होते. ती वही माझ्यापुढं आहे. होस्टेलचं दार रात्री आतून लागतं का? मेसमध्ये भाकरी असते की नुसती चपाती? सर इंग्रजीत बोलले आणि कळलंच नाही तर हात वर करायचा का? सगळ्या मुली जीन्स घालतात का? पाळीत सुटी मागता येते का? आडनाव ऐकल्यावर कुणी काही बोलतं का? सर, यातला एक तरी प्रश्न सभागृहात माइक हातात घेऊन विचारता येईल का? आणि आपण उत्तर दिलंच तर त्यांनी ते खरं मानावं, असं आपल्याकडे काय आहे?

मुलं गळतात ती याच प्रश्नांपाशी. मार्कांपाशी कमी, आणि माहिती नसल्यानं तर त्याहून कमी, असा माझा अनुभव आहे. अमेरिकेत याला ‘समर मेल्ट’ असं नावच आहे. तिथं बेन कॅसलमन आणि लिंडसे पेज या अभ्यासकांनी दाखवलं की प्रवेश मिळालेली, जायचं ठरवून बसलेली गरीब घरची मुलंसुद्धा शाळा संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात गळून जातात, कारण मधले फॉर्म आणि तारखा त्यांना एकट्यानं निभवाव्या लागतात. त्यांनी दोन साधे उपाय करून बघितले : मोबाइलवर आठवण करून देणारे संदेश, आणि कॉलेजात असलेल्या मुलांची सोबत. दोन्हींचा उपयोग झाला, आणि ज्यांना दुसरीकडून मदत नव्हती त्यांना जास्त झाला. मी हे वाचलं तेव्हा मला तळावरची ताई आठवली. तिनं असलं काही वाचलेलं नव्हतं.

आपल्याकडे हे नवीनही नाही. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली, भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवलं, 1955 मध्ये अच्युतराव आपट्यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. छप्पर मिळालं हे तर झालंच, पण माझ्या मते त्या जागांनी याहून मोठी गोष्ट दिली. खालच्या वर्गातल्या पोराला आपल्यासारख्याच घरातलं, दोन वर्षं पुढं गेलेलं पोरगं रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. आज राजू केंद्रे यांनी 2017 मध्ये यवतमाळमध्ये सुरू केलेली एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीतल्या मुलांना देशातल्या नावाजलेल्या विद्यापीठांपर्यंत नेते, आणि तिथं वाट दाखवणारेही बरेच जण स्वतः त्याच वाटेनं गेलेले आहेत. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांनी आणि डॉक्टरांनी उभ्या केलेल्या ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’मध्ये एमबीबीएसची मुलं गरीब घरच्या मुलांची ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतात.

तुमचं शिबिर बंद करू नका. पुढच्या वेळी तज्ज्ञांचा वेळ अर्धा करा आणि तुमच्याच कॉलेजातून गेलेली चार मुलं बोलवा. त्यांना व्यासपीठावर बसवू नका. एकेकाला एकेका वर्गखोलीत दहा मुलांबरोबर सोडा, आणि तुम्ही, मी, सगळे शिक्षक बाहेर चहा घेत थांबू.

प्रश्न : आम्ही दोघं पुण्यात राहतो, निवृत्त आहोत. अशा मुलांसाठी काही करावंसं वाटतं. एखाद्या शाळेला संगणक द्यावेत असा विचार आहे. योग्य ठरेल का?

उत्तर : संगणकाची गरज असतेच, पण तुम्ही मला विचारलंत म्हणून सांगते, जुलैचे पैसे द्या.

जुलै महिना आमच्या भागात सगळ्यात कोरडा. तोडीचे पैसे संपलेले असतात, पेरणीला खर्च झालेला असतो, शिष्यवृत्ती यायला अजून कितीतरी महिने असतात. आणि नेमकी तेव्हाच जागा निश्चित करायचे हजार रुपये, कागदपत्रं तपासायला जायचं एसटीभाडं, खोलीची अनामत, मेसचा पहिला महिना, असं एकामागून एक येतं. मग बाप मुकादमाकडे, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडे जातो आणि पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतो. पोरगी कॉलेजात गेली की तिच्या फीसाठी आईबाप पुन्हा फडात बांधले जातात. हे ती पोरगी जाणून असते. कितीजणी ‘मला शिकायचंच नाही’ म्हणतात त्यामागं हे असतं.

सरकारी योजना आहेत आणि त्या चांगल्या आहेत. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं. अनुसूचित जातींच्या मुलांना वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये मिळतात, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना तशीच आहे. पण ते पैसे मागाहून येतात, आणि जुलै आधी येतो.

तेव्हा दोन-तीन मुलींचा जुलै तुम्ही उचला. कर्ज म्हणून देऊ नका. शिष्यवृत्ती आली की परत कर असंही म्हणू नका. आणखी एक विनंती आहे. पुण्यात तुमच्या घरी एक खोली रिकामी असेल तर कागदपत्र तपासणीच्या आदल्या रात्री मुलगी आणि तिची आई यांना तिथं झोपू द्या. मी अशा मायलेकींना स्वारगेटच्या स्टँडवर रात्र काढताना बघितलं आहे.

प्रश्न : मॅडम, मी गेवराई तालुक्यातला. तुमच्या गटाच्या मदतीनं पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलो. आता मलाही गटात ये म्हणतात. पण पहिल्या सेमिस्टरला माझे दोन विषय बॅक राहिले, गणित आणि मेकॅनिक्स. ज्याचे दोन विषय गेले त्यानं दुसऱ्याला ‘कॉलेजात ये’ असं कुठल्या तोंडानं सांगायचं? घरी अजून बोललेलो नाही.

उत्तर : बाळा, दोन बॅक घेऊनच ये.

आधी घरचं. वडिलांना सांग. फोनवर नको, घरी गेलास की जेवण झाल्यावर सांग. बॅक म्हणजे हाकललं नाही, पुन्हा पेपर देता येतो, हे त्यांना कुणी समजावलेलं नसेल तर ते ‘नापास’ एवढंच ऐकतील, म्हणून तेही त्यांना समजावून सांग. त्यांनी तुला पाठवताना खूप सोसलंय. खरं सांगितलंस तर तेही त्यांना सोसवेल. दुसऱ्याकडून कळलं तर मात्र लागेल.

मग अभ्यासाचं. गटात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे, पहिल्या वर्षी तिचे तीन विषय गेले होते. मराठी माध्यमातून आलेल्याला मेकॅनिक्स का अडतं हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही. गणित येत असतं, प्रश्नाचं इंग्रजी वाचता वाचता वेळ जातो. ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी बसते. मी तिच्याशी बोलले आहे, ती तुझी वाट बघतेय.

आणि गटाचं. यंदा तुझ्याच तालुक्यातलं एक पोरगं आमच्याकडे आलंय. हुशार आहे, पण अर्ज भरायला तयार होत नाही. गटातून त्याला मदत करणाऱ्या ताईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, ‘तिथं नापास झालो तर काय करतात?’ तिनं मला विचारलं. मी नियम सांगितला, इतके विषय राहिले तर पुढच्या वर्षात जाता येतं वगैरे. तिनं तो त्याला सांगितला. तो गप्प बसला. नियम त्याला नकोच होता.

त्याचा नंबर तिच्याकडून घे. दिवसा तो फोन उचलत नाही, शेळ्यांमागं असतो. रात्री आठनंतर कर.